फुग्यांची डॉक्टरीण

माझ्या लग्नात आमच्या साताऱ्याच्या मंडळींनी बनारसबद्दल जे काही मत करून घेतलं, ते एकट्या आत्यांमुळे. मी शालू सावरत नमस्काराला वाकले. डोक्यावर हात आला, पण 'अखंड सौभाग्यवती भव' काही आलं नाही. त्याऐवजी खणखणीत आवाजात प्रश्न आला, "किती आठवड्यांची आहेस गं?"

माझ्या काकूच्या हातातलं पेढ्यांचं ताट कललं आणि दोन पेढे घरंगळत थेट भटजींच्या पाटापर्यंत गेले. नवरा दातांतल्या दातांत म्हणाला, "आत्या, प्लीज!" आत्यांना त्याचं काहीच नव्हतं. "अगं, आईच्या पोटात किती आठवडे होतीस? भरून आलीस की घाईत?" तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला. ती फणकाऱ्यानं पुढे येऊन म्हणाली, "पूर्ण दिवसांची आहे हो माझी मुलगी!" "वा! म्हणजे फुप्फुसं झकास," असं म्हणत आत्यांनी पर्स उघडली, एक लाल फुगा माझ्या हातावर आहेरासारखा ठेवला आणि त्या पंगतीला निघून गेल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सासरे बनारसच्या रामघाटावरचे मराठी वैदिक. यजमान, पूजा, पाठ यांतून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. त्यांच्या घराण्यात आत्या पहिल्या डॉक्टर, त्यातही बाळंतपणाच्या. त्यांनी लग्न केलं नाही. मंगला गौरीच्या देवळाजवळ दोन खोल्यांत राहायच्या आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावरही एक दिवस घरी थांबायच्या नाहीत. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. तरी कुठे लहान मुलाच्या वाढदिवसाला गेले आणि एखादा बाप गाल फुगवून लाल झालेला दिसला, की मला हसू आवरत नाही. आमच्या त्या दोन दिवसांची आठवण होते आणि मग डोळेही भरून येतात. पण आधी हसूच येतं, हे खरं.

आत्यांच्या पर्समध्ये पैसे असोत नसोत, फुग्यांचं पाकीट असायचंच. दशाश्वमेधावरच्या फुगेवाल्याची त्या ठोक गिऱ्हाईक होत्या. दिसला पुरुष की त्याच्या हातात कोरा फुगा द्यायच्या. "फुंका." तो बिचारा फुंकायचा, फुगा हूं की चूं करायचा नाही, बाप्याचे डोळे बाहेर यायचे. मग थोडा फुगला की, "आता बघा, पुढचं कसं सोपं जातं. पहिला श्वास हा असा असतो. तुमच्यासारख्या रेड्याची ही गत, तर दीड किलोच्या पोराचं काय होत असेल?" एकदा त्यांनी माझ्या सासऱ्यांनाच फुगा दिला. सासरे घाटावर शंख फुंकायचे तर पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. त्या ऐटीत त्यांनी फुगा घेतला, जोर लावला, आणि त्यांना असा ठसका लागला की सासूबाई पाणी घेऊन धावल्या. आत्या टाळ्या पिटत होत्या. "दादा, शंखाला भोक असतं!"

त्यांचं सगळं वेड फुप्फुसांचं. तेही जन्माला न आलेल्या पोरांच्या फुप्फुसांचं. मला त्यांनी ते शंभरदा समजावलं, भाजी निवडताना, नावेत बसताना, एकदा तर भर आरतीत. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. बाहेर आल्यावर तिथे हवा भरायची, तर आतल्या बारीक बारीक पिशव्या एकमेकींना चिकटता कामा नयेत. त्यासाठी शेवटच्या काही आठवड्यांत फुप्फुसं आतून साबणासारखं काहीतरी तयार करतात. बाळ आधीच निघालं तर ते तयार नसतं, आणि प्लॅस्टिकची ओली पन्नी चिकटावी तशा पिशव्या चिकटतात. "मग आईला सुई द्यायची. औषध आईतून बाळात जातं आणि त्याच्या फुप्फुसांना निरोप देतं, पाहुणे आजच येताहेत, घर आवरा! आणि ती आवरतात गं. दोन दिवसांत आवरतात. काय गुणी असतात!" असं म्हणताना त्यांचा चेहरा स्वतःच्या नातवंडाचं कौतुक सांगावं तसा व्हायचा.

'महिना' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "महिने पगाराचे. पोर आठवड्यांनी वाढतं." निवृत्तीनंतर त्या बसनं, टेम्पोनं, मिळेल त्यानं चंदौली, गाझीपूरकडच्या आरोग्य केंद्रांवर जायच्या आणि तिथल्या नर्सना एकच गोष्ट घोकवून घ्यायच्या. दिवस भरायच्या आत कळा घेऊन बाई आली, तर शहरात पाठवायच्या घाईत सुई विसरायची नाही. "पहले सुई, फिर गाड़ी!" असं त्या नर्सकडून कोरसमध्ये म्हणून घ्यायच्या. एकदा मुगलसरायच्या रस्त्यावर वरातीत अडकलेली अॅम्ब्युलन्स त्यांना दिसली. झालं! या रिक्षातून उतरल्या, बँडवाल्यांना ढकलत गेल्या आणि काच ठोठावून ओरडल्या, "कितने हफ़्ते का है? सुई लगी?" आत पाय मोडलेले एक आजोबा होते. ते उठून बसायचा प्रयत्न करत, अपमान झाल्यासारखे म्हणाले, "हफ़्ता नाहीं, बहिनजी, अठहत्तर साल के हईं!" सुई नाही तर नाही, आत्यांनी बँड थांबवून गाडीला वाट काढून दिली आणि आजोबांना फुगा दिला.

आता तुम्ही म्हणाल, घरात अशी डॉक्टर असताना तुझं बाळंतपण दुसरीकडे का? तर आमच्या घरात आत्या येत-जात असल्या तरी सासूबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायच्या. "वन्सं, वाढू का", "वन्सं, छत्री राहिली", एवढंच. भाऊबीज आणि चैत्रातलं हळदीकुंकू सोडलं तर बोलावणंही नसे. कारण कुणी सांगत नव्हतं आणि मी नवी सून, विचारू तरी कशी? मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली, "वन्संकडे अवाक्षर काढायचं नाही." दुसरी ताकीद म्हणजे पाचवा सरेपर्यंत कुठल्याच डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. आपल्याकडे हे लाभत नाही, म्हणाल्या. त्या एरवी काही अशा अडाणी नव्हत्या. पण या बाबतीत त्यांचा चेहरा इतका घाबराघुबरा व्हायचा की मला वाद घालवेना.

मग उशिरा केव्हातरी आम्ही गोदौलियाच्या पुढच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथली डॉक्टर तरुण, हसरी, जौनपूरकडची होती. तिनं पाळीची शेवटची तारीख विचारली. मला माझ्या लग्नाची तारीख आठवायला नवऱ्याचा फोन लागतो, त्यामुळे मी सासूबाईंकडे बघितलं. वैदिकांच्या घरात सून बाजूला बसते, त्यामुळे तिची तारीख तिला सोडून सगळ्यांना माहीत असते. शिवाय त्या दिवशी आजेसासऱ्यांचं श्राद्ध होतं आणि सगळा स्वयंपाक सासूबाईंना एकटीनं करावा लागला होता. असा दिवस कुठली सासू विसरेल? त्या ताडकन म्हणाल्या, "श्रावण वद्य पंचमी. सावन कृष्ण पंचमी." डॉक्टर मुलीनं फोनवर पंचांग काढलं, इंग्रजी तारीख शोधली, आणि आठवड्यांचा हिशेब झाला. सोनोग्राफीत मात्र बाळ हिशेबाच्या मानानं लहान दिसलं. "बेबी थोड़ा कमज़ोर है, आंटीजी. इनको खिलाइए."

इनको खिलाइए! बनारसमध्ये हे कुणाला सांगावं? सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू, दुपारी मखाने, संध्याकाळी मलाई. गल्लीतला रबडीवाला मला बघून कढईतला झारा आधीच उचलायचा. बाळ होतं तेवढंच राहिलं, मी मात्र दारात मावेना.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. गौर मांडली, कैरीची डाळ वाटली, पन्हं झालं. गल्लीतल्या मराठी बायका आल्या आणि आत्याही आल्या. हळदीकुंकवाशी त्यांना कर्तव्य नव्हतं, त्या डाळीसाठी यायच्या आणि मागच्या ओट्यावर बसून वाट्यांवर वाट्या रिचवायच्या. मी पुढ्यात गेले तशी त्यांची नजर माझ्या पोटावर थांबली. चमचाही थांबला. "केव्हा भरताहेत?" "नववा लागला हिला," सासूबाईंनी मधेच उत्तर दिलं आणि मला आत ढकललं. "नववा?" आत्या म्हणाल्या. "हा?" तेवढ्यात माझ्या कमरेतून अशी कळ आली की मी पन्ह्याच्या पातेल्यालाच मिठी मारली.

पुढचा सगळा गोंधळच. गल्लीतून गाडी येत नाही. नाव जवळ. पण गर्भारणीनं नावेत बसू नये, नदी ओलांडू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. "ओलांडतंय कोण, वहिनी? कडेकडेनं जायचंय!" असं म्हणत आत्यांनी मला पायऱ्या उतरवल्या. एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातात डाळीची वाटी. नावाडी ओळखीचा होता. "डागदर साहिब, आज केके ले जात हईं?" "अपनी ही बहू को. चल, और गाना मत गा." मागून दहा बायका हातात वाणाचे हरभरे घेऊन घाटावर उभ्या राहिल्या. कळा येत होत्या आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं.

दशाश्वमेधाला बॅटरीवरची टोटो रिक्षा मिळाली. नर्सिंग होममध्ये त्या तरुण डॉक्टरनं तपासलं आणि धीर दिला, "घबराइए मत. छत्तीस हफ़्ते हो गए हैं, होने देते हैं." तोवर सासूबाई, नवरा आणि सासरेही धापा टाकत पोचले होते. आत्यांनी न विचारता माझ्या पोटावर हात ठेवला. टेप मागितला, मोजलं. पुन्हा मोजलं. "हे छत्तीसचं पोट नाही. तारीख कुणी सांगितली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "श्रावण वद्य पंचमी. मामंजींचं श्राद्ध होतं त्या दिवशी. त्यात काय चुकणार?"

"आणि तू काढलीस कुठल्या पंचांगातून?" आत्यांनी त्या मुलीला हिंदीत विचारलं. तिनं फोन पुढे केला. आत्यांनी तो बघितला आणि कपाळावर हात मारला. "दादा! अरे दादा, तू इथे काय करतो आहेस? आयुष्यभर यजमानांना काय समजावतोस? आपला महिना अमावास्येला संपतो, या उत्तरेकडच्यांचा पौर्णिमेला. आपला श्रावण वद्य म्हणजे यांचा भादो, भाद्रपद! हिनं फोनमधून यांचा सावन काढला, महिनाभर आधीचा. पोर बारीक नाही. पोर लहान आहे! बत्तीस आठवड्यांचं आहे!"

सासरे आ वासून उभे राहिले. दक्षिणेकडून आलेल्या प्रत्येक यजमानाला हा फरक ते बोटावर मोजून दाखवायचे, आणि स्वतःच्या नातवंडाच्या वेळी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर मुलगी रडवेली झाली. "सॉरी मैम, मैं तो..." "सॉरी बाद में, बेटा. सुई पहले. और दर्द रोकने की दवा. हमें दो दिन चाहिए." ती मुलगी धावली. चांगली मुलगी होती. पुढचे दोन दिवस ती आत्यांच्या बरोबरीनं राबली.

मला पहिली सुई टोचली गेली तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "म्हणजे आठवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आठवाच चालू आहे."

ते दोन दिवस! सकाळ-संध्याकाळ सुई, अधूनमधून गोळी, आणि हलायचं नाही. हसायचंही नाही, कारण हसलं की पोट आवळायचं. आणि पायाशी स्टुलावर आत्या! त्या माझ्या पोटाशी वाकून बोलायच्या, "घाई करू नकोस रे, झाडू मारून झालाय, आता फरशी पुसताहेत." मी फुटायचे. "हसू नकोस!" त्या ओरडायच्या आणि स्वतःच हसायच्या. बाहेर नवऱ्याच्या हातांना काही काम हवं म्हणून त्यांनी त्याला फुग्यांचं पाकीट दिलं होतं. तो घाबरला की फुगा फुंकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळा व्हरांडा फुग्यांनी भरला. इतर पेशंटचे नातेवाईक येऊन त्याचं अभिनंदन करायला लागले. एकानं तर लवंगलता मिठाईचं पुडकंच हातात दिलं. त्यानं ते घेतलं आणि आणखी एक फुगा फुंकायला लागला. मलाही भीती होतीच. हे बाळ बाहेर येऊन श्वास घेईल का, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्याच दुपारी सासूबाई बोलल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. आठव्यातच. सकाळी झाला आणि संध्याकाळी गेला. छाती नुसती आत ओढली जात होती, म्हणाल्या. आत्या तेव्हा डॉक्टरी शिकत होत्या. दिवसभर त्याच्या छातीवर बोट ठेवून बसल्या होत्या. काही वर्षांनी त्याच आत्या आनंदानं नाचत घरी आल्या, वहिनी, आता औषध कळलंय, आईला टोचलं की पोरं जगतात. आणि बोलण्याच्या भरात हेही सांगून गेल्या की हे औषध तेव्हाही इस्पितळाच्या कपाटात होतं. दम्याच्या रोग्यांना देत होते. याला चालतं, हे इथे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मला ते सांगायची काय गरज होती?" सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या आत्यांकडे. "देवानं नेलं असं म्हणून मी गप्प बसले होते. यांनी ते पण काढून घेतलं."

आत्या खाली मान घालून बसल्या होत्या.

"वन्सं," सासूबाईंनी विचारलं. "ही सुई त्याला मिळाली असती, तर वाचला असता?"

"छातीठोक नाही सांगू शकत, वहिनी. पण त्याला निदान झगडता आलं असतं. तसा तो फार झगडला हो. मी बघत होते ना."

मग सासूबाई उठल्या, आत्यांच्या हातातला रिकामा चहाचा कप घेतला आणि म्हणाल्या, "संध्याकाळची सुई तुम्ही स्वतः द्या. त्या नर्स पोरींचा हात जड आहे."

ती शेवटची सुई. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला कळांनी कुणाचं ऐकायचं सोडून दिलं आणि आमची मुलगी झाली. पावभाजीच्या पावाएवढी, लाल, सुरकुतलेली. ती मांजरासारखी एकदा बारीक ओरडली आणि लगेच तिला उचलून पलीकडच्या खोलीत नेलं. मला काही दिसत नव्हतं. आत्या माझ्या उशाशी उभ्या होत्या. सासूबाईंना त्यांनीच आत आणलं होतं. तिघीही त्या बंद दाराकडे बघत होतो. आत्यांचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा गार. हजारो बायकांची बाळंतपणं केलेली बाई ती.

दार उघडलं. बालरोगतज्ज्ञ बाहेर आला आणि मास्क खाली करत म्हणाला, "छोटी है, कुछ दिन यहीं रखेंगे. लेकिन साँस ख़ुद ले रही है, मैम. एकदम अपने से."

आत्या 'बरं' म्हणाल्या. "बरं, बरं," असं दोनदा म्हणाल्या. आणि मग त्यांनी जो गळा काढला! मी तसं रडणं कधी ऐकलं नव्हतं. लहान मूल जत्रेत हरवल्यावर रडतं तसं, तोंड उघडं टाकून, लाज सोडून. बाहेरचे नातेवाईक उठून उभे राहिले. सासरे दाराशी आले आणि तिथेच थिजले. सासूबाईंनी आत्यांना जवळ ओढलं, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या.

सिस्टर धावत आली. "कौन रो रहा है? क्या हुआ? बच्ची तो ठीक है न?"

"बच्ची ठीक है," सासूबाई म्हणाल्या. "ये हमारी ननद हैं. रोने दीजिए. बहुत बरस का रुका हुआ है."